जुन्या गाडीला नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आधी मागचा आकडा मोजा, मग खरेदीला निघा

एप्रिलातला रविवार, मिशिगनमधली थंडी अजून गेलेली नाही, मी गॅरेजमधे गाडीखाली आडवा पडलोय, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) खडूनं एक रेघ मारलीय आणि बायको मागचं एक चाक हातानं फिरवतेय. दुसरं मागचं चाक जमिनीला टेकलेलं, पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकवर नाही, कृपा करा) आणि गिअर न्यूट्रलला. "दोन फेऱ्या झाल्या, थांबू?" "थांब." तेवढ्यात शाफ्टच्या झाल्या तीन फेऱ्या आणि वर साधारण एक तृतीयांश. म्हणजे मागचा आकडा ३.३६: दोन्ही मागची चाकं एकदा फिरायला शाफ्टच्या इतक्या फेऱ्या लागतात (इथं एकच चाक फिरवलं, म्हणून त्याच्या दोन फेऱ्या). "एवढ्यासाठी मला चहावरून उठवलंस?" हो, एवढ्यासाठीच. हा एक आकडा माहीत नसताना लोक हजारो डॉलरचा गिअरबॉक्स मागवून बसतात आणि मग वर्षभर गाडीला शिव्या देतात.

गाडी आहे १९६६ची शेवरोले शेव्हेल. २८३ क्युबिक इंचांचं व्ही८, वर दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कंपनीच्या हिशोबानं १९५ हॉर्सपॉवर, आणि गिअरबॉक्स पॉवरग्लाइड. पॉवरग्लाइड म्हणजे फक्त दोन गिअर. हो, दोनच. शेवरोलेनं तो १९५० साली आणला आणि १९७३ पर्यंत चालवला, आणि तो इतका साधा नि दणकट आहे की ड्रॅग रेसवाले आजही तो शोधत फिरतात. आमच्या घरापासून फार लांब नाही असं विलो रन आहे, जिथं दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर विमानं बनायची. पुढे १९५३ च्या ऑगस्टमधे लिव्होनियातला हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना आगीत खाक झाला आणि जनरल मोटर्सनं (शेवरोले आणि पाँटियाक दोन्ही त्यांचेच) ते सगळं काम विलो रनला हलवलं. मधल्या काळात पाँटियाकच्या गाड्यांना चक्क शेवरोलेचा पॉवरग्लाइड लावून विकावं लागलं. असो, सांगायचा मुद्दा, या गिअरबॉक्सशी माझं भांडण नाही. भांडण आहे फ्रीवेवर. ताशी ७० मैलाला इंजिन असं किंचाळतं की शेजारी बसलेल्याशी बोलायला घसा ताणावा लागतो.

का किंचाळतं ते आधी बघू. गिअरची सायकल चालवली असेल तर निम्मं काम झालं. चढावर हलका गिअर लावता, पाय भराभर फिरतात पण जोर कमी लागतो. सपाटीवर जड गिअर लावता, पाय सावकाश फिरतात आणि सायकल पळते. पॉवरग्लाइडचा वरचा गिअर १.०० आहे, म्हणजे इंजिनाची एक फेरी तर शाफ्टची एक फेरी. पुढे डिफरन्शियलमधे (मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी) ३.३६ नं भागलं जातं आणि चाक फिरतं. हिशोब असा: ताशी मैल गुणिले गिअर गुणिले मागचा आकडा गुणिले ३३६, आणि सगळ्याला भागिले टायरचा इंचातला व्यास. ३३६ हा काही जादूचा आकडा नाही, मैलाचे इंच, तासाची मिनिटं आणि गणितातला पाय (π) एकत्र करून तेवढा येतो. माझे टायर २६ इंची, म्हणून ७० मैलाला इंजिन फिरतं साधारण ३०४० वेळा मिनिटाला, आणि कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्समधला दुवा, पुढे सांगतो) घसरण धरली तर त्याहूनही थोडं जास्तच. आता याच गाडीला ०.६७ चा वरचा गिअर मिळाला की तेच येतं २०३५ वर. एक हजार फेऱ्या कमी! यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात, शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगानं फिरतो. जुन्या गाडीत नवा ऑटोमॅटिक घालायचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, गाडी जास्त पळावी म्हणून कमी आणि ती तीन तास चालवून उतरल्यावर डोकं दुखू नये म्हणून जास्त.

पण तोच ओव्हरड्राइव्ह मागचा आकडा २.७३ असलेल्या गाडीत घाला. ७० मैलाला १६५०च्या आसपास येतील. ऐकायला छान, पण जुन्या इंजिनाला, त्यातून कोणी जरा गरम, म्हणजे जास्त फेऱ्यांना जोर देणारा, कॅमशाफ्ट घातला असेल तर, तिथं दमच नसतो. घाटात वरच्या गिअरला अडकलेल्या एसटीसारखं ते कण्हायला लागतं, पेट्रोलही वाचत नाही, आणि गिअरबॉक्स सारखा चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात उड्या मारत बसतो. उलट ३.७३ चा अ‍ॅक्सल असेल तर ओव्हरड्राइव्हशिवाय ७० मैलाला ३३७०, म्हणजे तिथं तो हवाच. म्हणून म्हणतो, आधी खडूची रेघ.

आता जनरल मोटर्सच्या गाड्यांपुरतं बोलायचं तर कार्ब्युरेटरवाल्या माणसासमोर दोन मुख्य पर्याय येतात आणि दोन्ही आता स्वतःच म्हातारे झालेत, म्हणजे "मॉडर्न" म्हणताना हसू येतं. एक ७००आर४, १९८२ पासून आला, गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. दुसरा २००-४आर, १९८१ ते १९९०, गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. लोक आकडे बघून म्हणतात ७००आर४ चा पहिला गिअर जास्त जोरकस, तोच घेऊ. थांबा जरा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काय होतं ते बघा. ४००० वर गिअर बदलला तर ७००आर४ मधे इंजिन धाडकन २१३० ला येऊन पडतं, २००-४आर मधे साधारण २२९० ला. आकड्यात फरक छोटा वाटतो पण बुडाला कळतो. पहिली ७००आर४ वाली गाडी मी चालवली तेव्हा वाटलं की मधला एक गिअर कोणीतरी काढून घेतलाय. आणि पहिला गिअर गुणिले मागचा आकडा करा, निघतानाचा जोर कळतो. माझ्या गाडीत ७००आर४ घातला तर १०.३ येतात, २००-४आर ला ९.२, आणि पॉवरग्लाइडला (व्ही८ बरोबरच्याला) जेमतेम ५.९. म्हणजे ९.२ सुद्धा मला लॉटरीच आहे, म्हणून मी २००-४आर घेतला. ज्याच्या मागे २.७३ किंवा ३.०८ आहे आणि तो बदलायचा नाहीये, त्यानं खुशाल ७००आर४ घ्यावा, त्याला तो जोरकस पहिला गिअर उपयोगी पडेल. ३.७३ वाल्यानं घेतला तर चौकातून निघता निघताच पहिला गिअर संपलेला असेल.

दुसरं म्हणजे लांबी. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण खरा पैसा इथंच जातो. २००-४आर ची लांबी छोट्या शेपटीच्या टर्बो ३५० (जनरल मोटर्सचाच जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक) एवढी आहे, सव्वीस-सत्तावीस नाही, नेमकी २७ आणि ११/१६ इंच, आणि पॉवरग्लाइडही जवळपास तेवढाच. शाफ्टचं पुढचं टोक, म्हणजे योक, या सगळ्यांना २७ दात्यांचाच लागतो. याचा अर्थ माझा जुना प्रोपेलर शाफ्ट न कापता, न बदलता परत बसला, फक्त गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (आडवा टेकू) मागे सरकवावा लागला कारण माउंटची जागा मागे गेली. ७००आर४ जवळजवळ तीन इंच लांब, म्हणजे शाफ्ट कापून परत बॅलन्स करून आणणं आलं. तेही काही अवघड नाही, शाफ्टवाले एक-दोन दिवसांत करून देतात, पण हे खर्च कोणी आधी सांगत नाही. आणि जुन्या इम्पालावाल्यांना वेगळीच मजा, १९५८ ते १९६४ च्या इम्पालाची चॅसी इंग्रजी एक्सच्या आकाराची आहे, गिअरबॉक्स त्या एक्सच्या अरुंद पोटातून जातो, तिथं सरकवायला फारशी जागाच नसते.

आता कन्व्हर्टर. ऑटोमॅटिकमधे क्लच पेडल नसतं, मग सिग्नलला गाडी गिअरमधे उभी असताना इंजिन बंद का पडत नाही? ताक घुसळताना आठवा. रवी फिरते, ताक फिरतं, आणि भांडं धरलं नाही तर तेही फिरायला बघतं. रवी आणि भांडं एकमेकांना घट्ट जोडलेली नाहीत, मधे ताक आहे. रवी हळू फिरवली तर भांडं जागचं हलत नाही, जोरात फिरवली तर ओढलं जातं. टॉर्क कन्व्हर्टरमधे इंजिनाकडची पाती ही रवी, गिअरबॉक्सकडची पाती हे भांडं, आणि मधे ऑइल. कितीही जोरात घुसळलं तरी थोडी घसरण राहतेच, आणि त्या घसरणीची होते उष्णता. म्हणून या नव्या गिअरबॉक्समधे लॉकअप असतं, फ्रीवेवर एका ठराविक वेगानंतर आतला एक क्लच रवी आणि भांडं थेट जोडून टाकतो. वायरिंग सोपं आहे, पण काहीजण "आपल्या गाडीत कशाला ती भानगड" म्हणून ती वायर जोडतच नाहीत. ओव्हरड्राइव्हमधे लॉकअपशिवाय तासनतास चालवलं तर ऑइल तापत राहतं, तापलेलं ऑइल लवकर मरतं आणि जाताना क्लचच्या प्लेटांना घेऊन जातं. वायर जोडाच, ब्रेक दाबला की सुटेल अशी ब्रेकच्या स्विचमधून घ्या, आणि रेडिएटरच्या पुढे एक वेगळा ऑइल कूलर लावा.

याच्याशी जोडलेली अजून एक हौस म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर. स्टॉल म्हणजे साधारण किती फेऱ्यांनंतर कन्व्हर्टर नीट पकड घेतो. रेसवाल्या मित्राचं ऐकून २८०० चा घेतलात आणि तुमचं फ्रीवेवरचं इंजिन फिरतंय २००० ला, तर लॉकअप नसताना तुम्ही कायम घसरणीतच गाडी चालवताय. माझ्या साध्या २८३ ला मी साधा, कंपनीच्या जवळपासचाच घेतला. मित्र हसला. हसू दे.

आणि आता ती केबल. हा लेख लिहायचं खरं कारण म्हणाल तर ही केबल आहे. कार्ब्युरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक केबल जाते, तिला टीव्ही केबल म्हणतात (टेलिव्हिजनचा संबंध नाही, थ्रॉटल व्हॉल्व्हचं ते लघुरूप). जुन्या टर्बो ३५० ला अशीच दिसणारी एक केबल असते, पण ती फक्त जोरात पेडल मारल्यावर खालचा गिअर पाडायला. ती तुटली तरी गाडी चालते, कारण आतल्या ऑइलचा दाब इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ठरतो. ७००आर४ आणि २००-४आर मधे तसं नाहीये. इथं आतला दाबच या केबलवर ठरतो. तेलकट हातानं बरणीचं घट्ट झाकण उघडून बघा. हलकं धरलं तर हात झाकणावरून घसरतो आणि तळवा चोळून निघतो, करकचून धरलं तर झाकण फिरतं. गिअरबॉक्समधले क्लच म्हणजे एकमेकींवर दाबलेल्या चकत्या, त्यांना करकचून धरणारा हात म्हणजे ऑइलचा दाब, आणि तुम्ही पेडल किती दाबलंय हे त्या हाताला सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे ही केबल. ती ढिली असेल तर इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि आतला हात मात्र हलकाच धरून बसलाय. चकत्या घसरतात, जळतात, आणि हे व्हायला महिने लागत नाहीत, थोडक्या मैलात खेळ खल्लास.

मला हे माहीत होतं. तरी पहिल्या दिवशी गल्लीत चक्कर मारली तर गाडी ताशी १२-१३ मैलालाच दुसऱ्यात गेली, इतकी मऊ की कळलंही नाही. नवख्याला हे छान वाटेल, वा, काय मख्खन गिअर पडतो! तो मख्खनपणाच धोक्याचा. गाडी तिथंच बंद केली, शेजाऱ्याच्या मदतीनं ढकलत परत आणली, बॉनेट उघडलं, बायकोला परत बोलावलं (या लेखात तिचं काम माझ्यापेक्षा जास्त आहे), तिला म्हटलं पेडल पूर्ण दाबून धर. कार्ब्युरेटर पूर्ण उघडा होता आणि केबल अजून जवळजवळ अर्धा इंच बाहेर यायची बाकी होती. नियम एकदम साधा आहे, पेडल जमिनीला टेकलं की केबलही शेवटापर्यंत ओढलेली हवी, आणि सोडलं की सुस्त लोंबकळायला नको. भानगड अशी की हे कार्ब्युरेटर बनले तेव्हा या गिअरबॉक्सचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे लिव्हरवर केबल नेमकी कुठल्या भोकात आणि कुठल्या कोनात लागली पाहिजे ही सोयच नाही. त्यासाठी वेगळा ब्रॅकेट आणि लिव्हरला जोडायची छोटी पट्टी मिळते, ती आपल्याच कार्ब्युरेटरच्या नावाची घ्या. मी "चालतंय" म्हणून घरी पत्र्याची बनवली होती. नंतर विकतची लावली, शिवाय गिअरबॉक्सच्या दाबाच्या भोकाला गेज लावून पेडलबरोबर दाब चढतो का ते डोळ्यांनी पाहिलं, मगच गेटच्या बाहेर पडलो. गेज काही फार महाग नाही.

केबलची धास्ती वाटते? मग इलेक्ट्रॉनिक घ्या. १९९३ पासून ७००आर४ चाच भाऊ ४एल६०ई आला, गिअर तेच, पण दाब आणि गिअर बदलणं सगळं कॉम्प्युटरकडे. त्याला एक स्वतंत्र कंट्रोलर लावायचा, कार्ब्युरेटरवर पेडल किती दाबलंय ते सांगणारा एक सेन्सर बसवायचा, आणि मग लॅपटॉप उघडून गिअर कधी पडायचा ते आपणच ठरवायचं. इंजिनही नवं, फ्युएल इंजेक्शनचं टाकणार असाल तर दुसरा विचारच करू नका. फार ताकदीचं इंजिन असेल तर ४एल८०ई, तो जुन्या टर्बो ४०० च्या वंशातला, गिअर २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५, तुटता तुटत नाही पण चांगलाच धिप्पाड आणि जड. आणि मग सहा गिअरचा ६एल८०, आठ गिअरचा झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी जो २००९ साली पहिल्यांदा बीएमडब्ल्यूमधे आला. ८एचपी खरंच अप्रतिम गोष्ट आहे, चालवून बघा, गिअर बदललेला कळत नाही आणि तो मऊपणा खरा असतो, माझ्यासारखा आजाराचा नाही. पण जुन्या गाडीत तो बसवायचा तर मधला बोगदा (गाडीच्या तळाचा गिअरबॉक्सवरचा फुगवटा) बहुधा कापावा लागणार, नवा पत्रा वेल्ड करावा लागणार. एकदा मूळ पत्रा कापला की तो परत येत नाही. १९५ हॉर्सपॉवरच्या २८३ मागे आठ गिअर म्हणजे बैलगाडीला एअरबॅग, असं माझं मत, लोकांची वेगळी असतील.

फोर्डवाल्यांनी आधी इंजिनामागचे, गिअरबॉक्स धरणारे बोल्ट मोजावेत. अगदी सुरुवातीच्या मस्टँगमधल्या छोट्या व्ही८ ला मागे पाच बोल्टचा साचा होता, १९६५ च्या मॉडेलपासून सहाचा झाला, आणि एओडी किंवा ४आर७०डब्ल्यू हे ओव्हरड्राइव्हवाले सहाच्या साच्याला बसतात. एओडीलाही दाबाची तीच केबलची कथा आहे. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत तर पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) मागे त्या क्रॉस मेंबरमधेच अडकवलेले असतात, आणि ए५१८ या त्यांच्याच गिअरबॉक्सचा ओव्हरड्राइव्हचा फुगीर भाग नेमका तिथंच धडकतो. तिथं कापणं म्हणजे पुढच्या चाकांचा भार पेलणाऱ्या लोखंडाला हात घालणं, ते ज्याला जमतं त्याच्याकडेच द्या. ब्यूक, ओल्ड्समोबिल, पाँटियाक यांचे बोल्ट शेवरोलेपेक्षा वेगळे, पण बऱ्याच २००-४आर ला दोन्ही साच्यांची भोकं एकत्रच पाडलेली आहेत, हा त्या गिअरबॉक्सचा अजून एक गुण.

बसवताना एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं पुस्तकात सापडेल. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवताना तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. एकदा "टक्" होतं आणि तो बसल्यासारखा वाटतो. बसलेला नसतो. अजून फिरवा, दुसरा "टक्", अजून फिरवा, तिसरा, आणि तेव्हा कुठं तो पंपाच्या खाचेत जातो. गिअरबॉक्स इंजिनाला टेकवून बोल्ट आवळले की कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनामागची फिरती चकती) मधे एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच फट दिसली पाहिजे. फट नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळूनच जागा करायला बघाल तर पंप फुटेल, आणि ते कळेल गाडी चालू केल्यावर, सगळं परत खाली उतरवताना.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी, कारण हा प्रश्न तिकडून येतोच. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच अधोरेखित केलं. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच बसते, मोठे फेरफार केलेली नाही. त्यामुळे काकांची जुनी गाडी बाहेर काढून तिच्यात काही घालायच्या आधी आरटीओमधे विचारून घ्या, आणि जुना गिअरबॉक्स कुठल्याही देशात असलात तरी विकू नका. माझा पॉवरग्लाइड गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे.

आता शेव्हेल ७० मैलाला २००० च्या थोड्या वर शांत फिरते. बायको शेजारी बसून हळू आवाजात बोलते आणि मला ऐकू येतं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त स्पीडोमीटर ७५ दाखवतोय. गिअरबॉक्सच्या शेपटीत स्पीडोच्या केबलचा जो प्लास्टिकचा छोटा गिअर असतो त्याचे दात दोन-तीन जास्त हवे होते, तो मागवलाय, येत्या शनिवारी परत गाडीखाली.